व्हाइट विडो खरंच केरळातून आली का? आणि तीस वर्षांनीही लोक तिचंच नाव का काढतात?

युट्रेक्टची_सातारकर

नमस्कार मंडळी, विषय जरा वेगळा आहे म्हणून दोन दिवस लिहू की नको करत होते. मी मूळची साताऱ्याची, पावणेदोन वर्षं झाली नोकरीसाठी युट्रेक्टला आलेय. आमच्या टीममध्ये एक डच बाई आहेत, पन्नाशीच्या, अगदी साध्या, पावसात पण सायकलनेच येणाऱ्या. मागच्या आठवड्यात डबा खाताना त्या मला म्हणाल्या, तू भारतातली ना, मग व्हाइट विडोची आई तुमच्या केरळातली, तुला माहीत असेलच. मला काही अर्थबोध होईना. मग कळलं की ही गांजाची जात आहे आणि यांच्या तरुणपणी, म्हणजे नव्वदच्या दशकात, तिचा इतका बोलबाला होता की अजून त्यांच्या वयाची माणसं कॉफीशॉपमध्ये (इथे गांजा विकणाऱ्या दुकानांना तसं म्हणतात) गेली की पहिल्यांदा तेच नाव विचारतात.

शनिवारी त्या मला घेऊन गेल्या. मी घेतलं काही नाही, मला ओढायचं पण नाहीये, पण बघायचं होतं. तिथे यादी भिंतीवर लावलेली नसते, जाहिरात करायला बंदी आहे म्हणे, काउंटरवर एक बटण होतं ते दाबून धरलं की आतला दिवा लागतो आणि तेवढ्यापुरती यादी दिसते. त्यात केक, कुकी, आइस्क्रीम असली गोडाधोडाची नावं आणि मधेच एका ओळीत व्हाइट विडो. बाईंचा चेहरा जुनी मैत्रीण भेटल्यासारखा झाला हो.

तर मला एवढंच विचारायचंय की केरळचं हे खरं आहे का नुसती सांगोवांगी, तिच्यात असं वेगळं काय आहे, आणि एवढ्या नवीन जाती आल्या तरी ही का टिकली? कुणाला नीट माहिती असेल तर लिहा. आपल्याकडे गांजा म्हटलं की एकतर पोलीस नाहीतर साधू, त्यामुळे घरी कुणाला विचारायची सोय नाही.

---

डॅमकर

ताई, प्रश्न वाचून बरं वाटलं. मी १९९४ च्या शेवटी अॅमस्टरडॅमला आलो, आता इथलाच झालोय, त्यामुळे हे सगळं डोळ्यांसमोर घडलेलं आहे म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट, तुमच्या डच बाईंना सांगा की आई नाही, बाप आपल्याकडचा. जी हकीकत इथे सांगितली जाते ती अशी की आई ब्राझीलची, उंच वाढणारी रानटी सटायवा (गांजाचा एक प्रकार), आणि परागकण दक्षिण भारतातल्या झाडाचे, केरळच्या डोंगरातल्या. ज्याचं नाव या जातीशी जोडलं जातं तो शांतीबाबा म्हणून ओळखला जाणारा ऑस्ट्रेलियन माणूस, त्याचं म्हणणं असं की केरळात फिरताना त्याला डोंगरात एक शेतकरी भेटला जो वर्षानुवर्षं जास्तीत जास्त राळ धरणारी झाडं निवडून तेवढ्यांचंच बी ठेवायचा, आणि तिथलं बी तो घेऊन आला. यावर वाद आहे. दुसरा एक डच उत्पादक म्हणतो की जात माझी, मूळ झाड माझ्याकडेच होतं. मी दोन्ही बाजू इथे कॉफीशॉपच्या टेबलावर इतक्या वेळा ऐकल्यात की मी कुणाचीच बाजू घेत नाही. पण ग्रीन हाऊस नावाच्या कॉफीशॉप आणि बियाणं कंपनीने ती बाजारात आणली आणि १९९५ च्या कॅनबिस कपमध्ये, म्हणजे एक अमेरिकन मासिक इथे भरवायचं त्या गांजाच्या स्पर्धेत, ती पहिली आली, यात वाद नाही.

आता हे का गाजलं ते समजायला त्याआधी काय होतं ते बघायला लागेल. कप सुरू झाला १९८८ ला, पहिल्या वर्षी जिंकलं स्कंक नंबर वनने. स्कंक म्हणजे अफगाणी, मेक्सिकोची अकापुल्को गोल्ड आणि कोलंबियन यांचा संकर, कॅलिफोर्नियातून इकडे आलेला. नंतर नॉर्दर्न लाइट्स, हेझ वगैरे. म्हणजे मी आलो तेव्हा इथल्या चांगल्या मालात अफगाणिस्तानचं रक्त सगळीकडे होतं, कारण अफगाणी झाड बुटकं, लवकर फुलणारं, दिव्याखाली बंद खोलीत वाढवायला सोपं. वास पण तसाच, सगळं दुकान घामट गोडसर वासाने भरलेलं.

आणि मग ही आली. मला अजून आठवतं, काउंटरवरच्या माणसाने बरणीचं झाकण काढलं आणि आतली कळी चिमट्याने उचलून दिव्याखाली धरली. हिरवी दिसतच नव्हती हो. तिळगुळाच्या हलव्यावर साखरेचा काटा येतो ना, अगदी तसा पांढरा काटा, नुसता कळीवर नाही तर बाजूच्या छोट्या पानांवर, देठापर्यंत. रांगेतले लोक पुढे वाकून बघत होते. वास पण वेगळा, आधी पाइनच्या लाकडाचा आणि मागून मिरपूड, नाकात हलकं झोंबणारी. तिने माणूस सोफ्यात रुतून बसत नाही, गप्पा सुचतात, गाणं नीट ऐकू येतं, आणि तासा-दीड तासाने हातपाय सैल पडतात. दोन्हीच्या मधली. माझ्या मते ती टिकली ती या मधलेपणामुळे. नुसती जोरकस असती तर पुढच्या वर्षी त्याहून जोरकस आली असती आणि लोक विसरले असते.

आणि नाव! पांढरी विधवा. आपल्या कानाला हे नाव फार जड लागतं, आपल्याकडे पांढऱ्या लुगड्याशी एका पिढीचं दुःख बांधलेलं आहे, मला सुरुवातीला ते उच्चारायला पण नको वाटायचं. पण डच माणसाला ते एकदा ऐकलं की लक्षात राहतं. पुढे त्याच घरातून व्हाइट ऱ्हायनो, ग्रेट व्हाइट शार्क निघाल्या, पांढऱ्यांचं अख्खं गोत्रच तयार झालं. शांतीबाबा पुढे कंपनी सोडून गेला आणि हॉवर्ड मार्क्स (एकेकाळचा नावाजलेला ब्रिटिश गांजा तस्कर) वगैरेंबरोबर मिस्टर नाइस म्हणून दुसरी बियाणं कंपनी काढली, तिथे त्याने हीच जात ब्लॅक विडो नावाने आणली. म्हणजे आज खऱ्या वंशावर हक्क सांगणाऱ्या दोन घरी दोन नावांनी नांदतेय.

---

नगरची_माती

डॅमकर दादा, छान लिहिलंय, पण काही गोष्टी मला खटकल्या त्या लिहिते, राग मानू नका. मी राहुरीला कृषी पदवी केली आणि आता कॅनडात ओंटारिओत लायसन्स असलेल्या ग्रीनहाऊसमध्ये कामाला आहे, इथे १७ ऑक्टोबर २०१८ पासून कायदेशीर आहे सगळं. रोज हेच पीक बघते.

आधी ताईंच्या प्रश्नाला, पांढरं काय असतं ते. ती साखर नाही, बुरशी पण नाही (बुरशी पण पांढरीच दिसते, आणि घेणाऱ्याला फरक कळला पाहिजे). ते ट्रायकोम. मादी फुलावर उभे राहिलेले बारीक केस, प्रत्येकाच्या टोकाला राळेचा गोल थेंब, टाचणीला डोकं असतं तसं. डोक्याचा आकार मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढा किंवा त्याहून कमी. आमच्याकडे सगळ्यांच्या खिशात भिंग असतं. भिंगातून बघितलं की आधी काचेसारखं स्वच्छ, मग काही दिवसांनी दुधाळ, आणि मग मधाच्या रंगाकडे झुकतं, त्यावरून काढणी ठरते. टीएचसी, म्हणजे नशा आणणारं द्रव्य, त्या डोक्यातच तयार होतं, तेही कच्च्या स्वरूपात, आम्लाच्या रूपात, उष्णता लागली की मग ते खरं टीएचसी होतं. म्हणून कच्ची कळी चावून खाल्ली तर फारसं काही होत नाही. व्हाइट विडोत हे ट्रायकोम कळीबाहेरच्या पानांवर पण दाट येतात, त्यामुळे नुसत्या डोळ्यांना पांढरी दिसते. छाटणी करताना कात्री पाच मिनिटांत चिकटून जाते, दर थोड्या वेळाने स्पिरिटने पुसावी लागते.

पण पांढरी म्हणजे जोरदार हे समीकरण बरोबर नाही. ट्रायकोम खूप असले तरी आत काय भरलंय ते वेगळं. आम्ही बघितलेत भरपूर पांढरे आणि प्रयोगशाळेत साधारण निघालेले लॉट.

मिरपुडीचं मात्र दादा तुम्ही अगदी बरोबर पकडलंत. कॅरिओफायलिन म्हणून जे सुगंधी द्रव्य काळ्या मिरीत असतं तेच गांजातही असतं, आणि पाइनचा वास येतो तो पायनीनचा. ज्या डोंगरात मिरीचे वेल चढतात तिथल्याच झाडाच्या वंशाला मिरीचा वास यावा, याचा तिथल्या मातीशी संबंध नाही, पण मला हे कळलं तेव्हा मी दोन्ही शेजारी ठेवून हुंगून बघितलं होतं.

आता खटकलेलं. सटायवा आणि इंडिका. दुकानात लिहितात व्हाइट विडो ६० टक्के सटायवा ४० टक्के इंडिका. हे आकडे कुणी मोजलेले नसतात. लिनिअस या वनस्पतीशास्त्रज्ञाने १७५३ ला सटायवा नाव दिलं, युरोपातल्या, तागासारखा धागा देणाऱ्या झाडाला. १७८५ ला लामार्कने इंडिका नाव दिलं ते भारतातून नेलेल्या झाडावरून, म्हणजे आपलंच निमुळत्या पानांचं, उंच, फांद्या पसरणारं गांजाचं झाड. आणि आज दुकानात इंडिका म्हणतात ते कुठलं, तर अफगाणिस्तानचं बुटकं रुंद पानांचं. म्हणजे ज्या झाडावरून इंडिका हे नाव पडलं त्याला आता लोक सटायवा म्हणतात! केरळचं झाड इंडिका होतं असं कुणी लिहिलं की मी विचारते, लामार्कची इंडिका का दुकानातली इंडिका?

आणि दुसरं, नाव. आज व्हाइट विडो म्हणून जे विकलं जातं ते १९९५ चं झाड असेलच असं अजिबात नाही. गांजा दोन रीतीने पुढे नेतात. एक म्हणजे क्लोन, एकाच मादी झाडाच्या फांद्या कापून लावायच्या, ते अगदी आईसारखं निघतं. दुसरं म्हणजे बी, आणि बियातून निघणारी पिल्लं भावंडांसारखी, तोंडावळा एक पण प्रत्येक वेगळं. व्हाइट विडोचं बी गेली तीस वर्षं पन्नास कंपन्या विकतायत. अमेरिकेत कोलोरॅडोच्या एका विद्यापीठातल्या दोन संशोधकांनी २०१९ ला ३० जातींचे १२२ नमुने वेगवेगळ्या दुकानांतून घेऊन डीएनए तपासला, तर एकाच नावाचे नमुने एकमेकांशी जुळेनात अशी बरीच उदाहरणं निघाली. त्यामुळे आवड टिकलीय म्हणजे नेमकं कशाची टिकलीय हा माझा प्रश्न आहे. मला वाटतं नावाची.

जाता जाता एक, कारण मी नगरची आहे. १८९३-९४ ला इंग्रज सरकारने भांग-गांजावर एक मोठा आयोग नेमला होता, अकराशेच्या वर साक्षी घेतल्या, सात खंडांचा अहवाल. त्यात मुंबई इलाख्यात गांजा कुठे पिकतो तर आमचा नगर जिल्हा येतो. आणि बंगालात नौगावला शेतात नर झाड ओळखून उपटणारा खास माणूस असायचा, पोद्दार म्हणायचे त्याला, शेतकरी त्याला पैसे देऊन बोलवायचे. नर उपटला की मादीला बी धरत नाही आणि सगळा जोर राळेत जातो. पुढे कॅलिफोर्नियातून सिनसेमिया म्हणून हेच तंत्र जगभर गाजलं, स्पॅनिशमध्ये बिनबियांचा असा अर्थ. आपल्याकडे त्याच्या कितीतरी आधीपासून ही मजुरी ठरलेली होती.

---

डॅमकर

राग कसला, उलट मीच दोन-तीन गोष्टी नव्याने शिकलो. पण नावाचं मला तितकंसं पटत नाही. हापूस म्हणून बाजारात कर्नाटकचा आंबा विकतात म्हणून देवगडच्या हापूसची आवड खोटी ठरते का? ज्याने खरा खाल्लाय त्याला पहिल्या फोडीला कळतं. इथे अजून दोन-तीन ठिकाणं आहेत जिथे मिळणारी विडो मी डोळे मिटून ओळखेन.

---

नगरची_माती

दादा, हापूसचं झाड कलमाने लावतात, म्हणजे क्लोनच की ते! म्हणून तर ओळखता येतं. विडोचा क्लोन कुणी सांभाळला असेल तर तुमचं म्हणणं मला मान्य. बियाचं असेल तर नाही. रायवळ आंब्याच्या कोयीसारखं आहे ते, प्रत्येक कोयीला वेगळं झाड.

---

कट्टपनावाला

मी मराठीच, नावावरून गैरसमज नको. बँकेच्या नोकरीत १९८३ ते ८६ इडुक्की जिल्ह्यात कट्टपनाला होतो, तेव्हा नाइलाजाने मल्याळम शिकलो आणि नंतर त्या भाषेच्या प्रेमात पडलो. म्हणून केरळबद्दल दोन शब्द.

त्या भागात वेलदोड्याचे मळे. उंच झाडांच्या सावलीत वेलदोडा, झाडांवर मिरी चढवलेली, जमीन कायम ओली, आणि जळवा. आमच्याकडे कर्जाला येणारे शेतकरी बहुतेक खालच्या भागातून डोंगरावर स्थलांतर करून आलेले, एक पिढी मलेरियात आणि हत्तींच्या त्रासात गेलेली. वेलदोड्याचा भाव पडला की घरात खायचे वांधे. वर आत जंगलात, जिथे रस्ता नाही, तिथे कंजाव, म्हणजे गांजा, लावतात हे सगळ्यांना ठाऊक होतं, बोलत कुणी नव्हतं. पोलीस आणि एक्साइजवाले धाडी घालायचे, झाडं उपटून जाळायचे. मी एकदाच जवळून बघितला, एका ओळखीच्या म्हाताऱ्याकडे. केळीच्या सोपटात गुंडाळून दोऱ्याने आवळलेली लांबट वळी. उघडली तर कळ्या सडपातळ, सोनेरी तपकिरी, पांढऱ्या-बिंढऱ्या काही नाहीत, बी भरपूर. वास मात्र घरभर, ओल्या लाकडाचा आणि सुक्या आंब्याचा. तो म्हातारा म्हणाला होता की चांगल्या झाडाचं बी मी वेगळं ठेवतो, भाऊ आला तरी देत नाही.

त्यामुळे डॅमकरांनी लिहिलेला राळेसाठी झाडं निवडणारा शेतकरी मला खरा वाटतो. तो विशिष्ट माणूस होता का नव्हता ते सोडा, पण तशी माणसं होती. आणि मला एकच सल आहे. ब्राझीलची आई, केरळचा बाप, ऑस्ट्रेलियन संकर करणारा, डच कंपनी, अमेरिकन मासिकाचा कप. यात प्रत्येकाचं नाव कुठे ना कुठे छापलं गेलं. ज्याने पिढ्यान्‌पिढ्या बी निवडलं त्याचं नाही. त्याच्या नावावर फार तर एखादी केस असेल.

---

रात्रपाळी

मी रॉटरडॅमला नर्स आहे, मानसिक आरोग्याच्या वॉर्डात. वरची चर्चा फार आवडली, विशेषतः कट्टपना काकांचं. पण एक बाजू राहिली म्हणून लिहिते, आणि हे मी मनापासून लिहितेय, कुणाला शिकवायला नाही.

इथली ट्रिम्बोस म्हणून संस्था दरवर्षी कॉफीशॉपमधून नमुने घेऊन मोजते. २००० साली डच गांजात टीएचसी सरासरी ९ टक्क्यांच्या आसपास होतं, २००४ ला २० च्या घरात गेलं, नंतर १५ च्या आसपास स्थिरावलं. आणि सीबीडी, म्हणजे गांजातलंच पण नशा न आणणारं दुसरं द्रव्य, जवळजवळ नसतंच. म्हणजे डॅमकर दादांनी तरुणपणी घेतलेली विडो आणि आज त्याच नावाची पुडी यात फरक असू शकतो. नव्वदच्या आठवणीवर आजचा डोस ठरवू नका. २०१९ ला युरोपातल्या अनेक शहरांचा मोठा अभ्यास आला, त्यात १० टक्के किंवा जास्त टीएचसी असलेला गांजा रोज घेणाऱ्यांमध्ये सायकोसिसची (भास-भ्रम होणाऱ्या मानसिक आजाराची) शक्यता न घेणाऱ्यांच्या जवळपास ५ पट दिसली, आणि अॅमस्टरडॅममध्ये हा संबंध सर्वात ठळक होता. प्रत्येकाला होतं असं नाही. पण वय पंचविशीच्या आत असेल किंवा घरात आई-वडील, मामा-काका कुणाला असा आजार असेल तर ही गंमत नाही.

माझा सख्खा मावसभाऊ मास्टर्सला आला होता. कुणीतरी सांगितलं गांजाचा केक खा, धूर नको तर. अर्ध्या तासात काही झालं नाही म्हणून दुसरा खाल्ला. खाल्लेलं चढायला दीड-दोन तास लागू शकतात हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. रात्री दोनला मला फोन, ताई माझं हृदय थांबतंय. मी गेले तर तो बाथरूमच्या फरशीवर भिंतीला पाठ लावून बसलेला, हातात मोजे घट्ट धरलेले, डोळे फिरवत नव्हता, आईला बोलव म्हणत होता. हृदयाला काही झालं नव्हतं, ती भीती होती, पण ती भीती त्याला खरी होती. मी शेजारी बसून त्याला साखरेचं पाणी पाजलं आणि सकाळपर्यंत गावच्या घराच्या गोष्टी सांगत बसले. तो बरा आहे, पण अजून अंधाऱ्या खोलीत झोपत नाही. त्यामुळे ताई, तुम्ही नुसतं बघायला गेलात आणि प्रश्न विचारलात याचं मला कौतुक वाटलं. कुणाला घ्यायचंच असेल तर एकट्याने नको, दारूबरोबर नको, आणि खाण्याचं तर पहिल्यांदा नकोच.

---

कलम_वीस

पुण्यात वकिली करतो. हा धागा वाचून कुणाला येताना आठवण म्हणून चिमूटभर आणावंसं वाटू नये म्हणून घाईत लिहितो.

भारतात अमली पदार्थांविरुद्धचा एनडीपीएस कायदा १९८५ चा. त्यात गांजा म्हणजे झाडाचे फुलोऱ्याचे शेंडे. पानं आणि बी शेंड्यांशिवाय असतील तर त्या व्याख्येत येत नाहीत, भांग चालते ती त्याच फटीतून, राज्याच्या नियमांप्रमाणे. १ किलोपर्यंत अल्प प्रमाण धरतात, पण अल्प म्हणजे माफ नव्हे, एक वर्षापर्यंत सक्तमजुरी किंवा १० हजार दंड किंवा दोन्ही. २० किलोच्या वर व्यापारी प्रमाण, तिथे कमीत कमी १० वर्षं आणि जामीन जवळपास अशक्य. चरसचे आकडे यापेक्षा खूप खाली आहेत, १०० ग्रॅम आणि १ किलो. झाड लावणं स्वतंत्र गुन्हा, एक कुंडी असली तरी. मुंबई विमानतळावर बँकॉकहून आलेल्या हायड्रोपोनिक (मातीशिवाय पाण्यात वाढवलेल्या) गांजाच्या जप्त्या सारख्या होतायत, त्यामुळे कस्टम्सचं लक्ष आहे आणि कुत्री आहेत. नेदरलँड्समध्ये चालतं हे तिथे सांगून उपयोग नाही.

आणि तिथेही पूर्ण कायदेशीर आहे असं समजू नका, डॅमकर सांगतील.

---

डॅमकर

बरोबर आहे वकीलसाहेबांचं. इथे १९७६ पासून सहन करतात, परवानगी देत नाहीत, हा फरक आहे. दुकानात माणशी दिवसाला ५ ग्रॅम, १८ च्या आत प्रवेश नाही, दुकानात साठा ५०० ग्रॅमच्या वर नको. विकायला हरकत नाही पण दुकानदाराने माल आणायचा कुठून, तर मागच्या दाराने, चोरून. ही विसंगती चाळीस-पन्नास वर्षं चालली. आता कुठे १० नगरपालिकांत सरकारमान्य उत्पादकांचा प्रयोग चालू आहे, ब्रेडा आणि टिलबर्गला डिसेंबर २०२३ मध्ये सुरुवात झाली. तिथल्या डब्यावर टीएचसी किती, उत्पादक कोण हे लिहिलेलं असतं. रात्रपाळी ताई, तुम्ही म्हणता ते अशाने तरी थोडं सुधारेल. आमच्या अॅमस्टरडॅमला मध्यवस्तीत रस्त्यावर ओढायला मे २०२३ पासून बंदी आली, आणि खरं सांगायचं तर मला ती पटली, तिथेही लेकरंबाळं असलेली कुटुंबं राहतात.

तुमच्या मावसभावाचं वाचून वाईट वाटलं. मी स्वतः साठीच्या जवळ आलोय, आता महिन्यातून एखाद्या शुक्रवारी, तेही अर्धं. जुनं गाणं लावायचं, खिडकी उघडी ठेवायची. नवीन केक-कुकीवाल्या जाती मला सोसत नाहीत, दोन झुरक्यांत डोकं जड होतं आणि वास म्हणाल तर पेट्रोल पंपावर बेकरी उघडल्यासारखा. विडोने मला कधी दगा दिला नाही. ताईंनी टिकण्याचं कारण विचारलं होतं, माझ्यापुरतं हेच आहे, माझ्या वयाच्या माणसाला काय होणार ते आधी माहीत असलेलं बरं वाटतं.

---

नगरची_माती

हे मला पटलं. आणि एक कबूल करते, आमच्याकडे मागच्या वर्षी एका जुन्या डच क्लोनचे ट्रे आले होते, लेबल विडोचंच. मी मनात म्हटलं बघू. साडेआठव्या आठवड्यात काढणीच्या आदल्या दिवशी मी नेहमीसारखी ओळीतून चालत होते, वरचे दिवे अजून लागले नव्हते, हातातल्या टॉर्चचा उजेड पडला आणि अख्खा बाक दवात भिजल्यासारखा चमकला. शेजारच्या बाकावर नवीन जात होती, प्रयोगशाळेत तिचे आकडे जास्त आले होते, ती हिरवी जांभळी छान होती पण तशी चमकली नाही. मी पान चुरगळून वास घेतला. मिरी होती, दादा.

क्लोन होता म्हणून, एवढं मात्र मी म्हणणारच.

---

युट्रेक्टची_सातारकर

सगळ्यांचे खूप आभार, एवढं कुणी लिहील असं वाटलं नव्हतं. आज डच बाईंना सगळं सांगितलं. आई नाही बाप, हे ऐकून त्यांनी लगेच फोनमध्ये लिहून घेतलं. क्लोन आणि बियाचं समजावताना मी रायवळ आणि कलमी आंब्याचं उदाहरण दिलं, ते त्यांना कळेना, मग त्यांच्याच भाषेत ट्यूलिपच्या कांद्याचं दिलं तेव्हा एकदम पटलं. रात्रपाळी ताई, तुमचा भाग मी त्यांना शब्दशः सांगितला, त्यांची मुलगी एकोणीसची आहे, त्या बराच वेळ गप्प होत्या.

कट्टपना काकांनी लिहिलेला म्हातारा त्यांना फार आवडला. विचारत होत्या त्याचं नाव काय. मी म्हटलं काकांनी लिहिलेलं नाही. काका, तुम्हाला त्याचं नाव आठवतं का? इथे लिहू नका, फक्त आठवतं का तेवढं सांगा.

---

कट्टपनावाला

आठवतं. कर्जाच्या वहीत त्याचा अंगठा मीच घेतला होता, वेलदोड्याच्या रोपांसाठी दोन हजार रुपये. तीन हप्ते वेळेवर भरले होते त्याने.